बाहेरून लावलेलं कुलूप

आमच्या गोदामातली पहिली चोरी सुरक्षा अधिकाऱ्यांनी स्वतः केली, आणि तीही रुजू झाल्याच्या चौथ्या दिवशी. भर दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो. अठ्ठावन्न वर्षांच्या बाई पदर खोचून ऑफिसच्या बाथरूमच्या खिडकीतून आत शिरल्या, मालकांच्या टेबलावरचा चष्मा उचलला, पुढच्या दाराने शांतपणे बाहेर आल्या आणि तो माझ्या डब्याशेजारी ठेवून म्हणाल्या, "मिळाल्याची सही द्या." मी पोळीचा घास तसाच हातात धरून दुसऱ्या हाताने सही केली. चष्मा गेल्याचं मालकांना चाळीस मिनिटांनी कळलं. बाईंनी तेही वहीत लिहून ठेवलं.

त्यांना नाव होतं, आडनावही होतं, पण गोदामात सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मी पहिल्या दिवशी मॅडम म्हणालो तर म्हणाल्या, मॅडम म्हटलं की माणूस पुढचं वाक्य खोटं बोलतो, सव्वीस वर्षं ऐकलंय. ती सव्वीस वर्षं त्यांनी तुरुंगाच्या महिला विभागात शिपाई म्हणून काढली होती. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात किंवा सोसायटीच्या कमिटीत शिरून इतरांना छळतात. बाईंनी पुण्याबाहेर मांजरी गावातल्या आमच्या गोदामाची सुरक्षा पत्करली.

हे गोदाम म्हणजे उसाच्या शेताला खेटून उभ्या असलेल्या पत्र्याच्या तीन शेड. मालक मूळचे आमच्या कसबा पेठेतले. एकेकाळी त्यांचं भांड्यांचं छोटं दुकान होतं. आता कंपन्या दिवाळीला नोकरांना जे भेटीचे डबे वाटतात, ते भरून देण्याचा त्यांचा धंदा आहे. कुकर, मिक्सर, सुका मेवा, चांदीची नाणी, सगळं आमच्याकडून जातं. मी तिथला स्टॉक क्लार्क आणि किल्लीदार. सगळ्या किल्ल्या एका कडीत अडकवून कमरेला लावायचो आणि खरं सांगतो, त्याचा मला थोडा माजच होता.

बाईंची विद्या पुस्तकी नव्हती. तुरुंगातल्या बायकांनी त्यांना शिकवलेली होती. एखादी गोष्ट सांगायची झाली की त्या आदराने सुरुवात करायच्या: "आमच्याकडे एक होत्या, बंद फ्लॅट फोडायच्या, फार हुशार. त्या म्हणायच्या..." चोरांना त्या कधी अरे-तुरे करत नसत. मालक यावर हसायचे. बाईंचं म्हणणं असं, की ज्याला आपण अरे-तुरे करतो त्याला आपण मूर्ख समजतो, आणि मग तो रात्री येणार म्हणून आपण रात्री जागतो, तर ते येतात सकाळी साडेदहाला.

त्यांचं वर्ष आपल्यासारखं नव्हतं. आपल्याला मे म्हणजे आंबे. त्यांना मे म्हणजे दाराशी साठलेली वर्तमानपत्रं. पेपरवाल्याला सांगा, दूधवाल्याला सांगा, पण वॉचमनच्या वहीत 'फ्लॅट बंद, अमुक तारखेपर्यंत' असं लिहू नका, कारण ती वही गेटवर उघडी पडलेली असते आणि कुरियरवाल्यापासून सगळे ती वाचतात. दिवसा बाल्कनीत पेटलेला दिवा म्हणजे घरात कोणी नाही ही जाहिरात. संक्रांतीला हळदीकुंकू असलं की बायकांच्या घोळक्यात एखादी अशी असते, जिला दुसरीच कोणीतरी ओळखते असं प्रत्येकीला वाटतं. तिला वाण द्या, पण आतल्या खोलीत पाणी प्यायला पाठवू नका. दिवाळीनंतर नव्या टीव्हीचं खोकं कचऱ्यापाशी उभं करू नका, फाडून टाका. हे सगळं त्या अशा आवाजात सांगायच्या, की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी गुन्हा केल्यासारखं वाटावं.

थंडीत आमचे दोघे वॉचमन गेटपाशी शेकोटी करून बसायचे. आधीच्या सुपरवायझरने शेकोटीच बंद केली होती. बाईंनी ती परत चालू केली, फक्त चार हात सरकवली. आता शेकत बसलेल्या माणसाचं तोंड गेटकडे व्हायचं, आधी पाठ व्हायची. एवढंच. मालकांनी विचारलं, याला काय मोठं डोकं लागलं? बाई म्हणाल्या, नाही लागलं, म्हणून तर कुणी केलं नाही.

पावसाळ्यात त्यांनी आमचा जो पाणउतारा केला तो मी विसरणार नाही. जुलैतली दुपार होती आणि पत्र्यावर असा पाऊस कोसळत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. बाईंनी आम्हा सहा जणांना शेडमध्ये उभं केलं आणि सांगितलं, मी बाहेरून पत्र्यावर हातोडा मारते, किती घाव ऐकू येतात ते मोजा. दहा मिनिटांनी त्या छत्री मिटत आल्या. मी म्हणालो तीन. वॉचमन म्हणाले दोन. मालकांचा पुतण्या हिशेबात पक्का, तो म्हणाला सात. बाईंनी आम्हाला मागे नेलं. तिथला एक पत्रा चार खिळ्यांतून सुटून लोंबत होता आणि त्या म्हणाल्या, चाळीस. तेव्हापासून जोराचा पाऊस लागला की एक माणूस छत्री घेऊन शेडभोवती फेऱ्या मारायचा, आणि पहिले आठ दिवस तो माणूस मी होतो.

प्रत्येक सीझनच्या आधी त्यांची 'तपासणी' असायची. पावसाळ्याआधी, गणपतीआधी, दिवाळीआधी, मे महिन्याआधी बाई स्वतः चोर होऊन गोदामात शिरायचा प्रयत्न करायच्या आणि शिरल्याच तर ते भोक बुजवल्याशिवाय आम्हाला घरी सोडायच्या नाहीत. मालकांना हा प्रकार फार आवडायचा. खुर्ची मागवून ते मॅच बघितल्यासारखे बघत बसायचे आणि नंतर विम्याच्या लोकांना रंगवून सांगायचे. बाई खोटं बोलत नाहीत आणि पैज हरत नाहीत, असं ते चारचौघांत म्हणायचे.

आमच्या घरीही त्यांनी एकदा हात मारला, म्हणजे चांगल्या अर्थाने. पहिल्याच दिवाळीला आम्ही चार दिवस बहिणीकडे नाशिकला गेलो. परत आलो तर बंद दारापुढे ताजी रांगोळी. आईला घामच फुटला. शेजारच्या काकूंनी सांगितलं, एक उंच बाई रोज सकाळी सहाला येतात, रांगोळी काढतात आणि निघून जातात. आम्ही समजलो तुमच्या नात्यातल्या. कामावर गेल्यावर मी विचारलं. त्या म्हणाल्या, दिवाळीत ज्या दारापुढे रांगोळी नाही ते घर बंद, हे पेठेत फिरणाऱ्या कुणालाही कळतं. आम्ही गावाला चाललोय हे मी त्यांना सांगितलं नव्हतं हे खरं, पण माझ्या व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर बॅगांचा फोटो होता. मी म्हणालो, बाई, तुमच्याकडे तर दिवाळी नसते. त्यांचं घर बौद्ध. वडील वंदना झाल्याशिवाय चहा घेत नसत आणि बाईंनीही ते सोडलं नव्हतं. त्या म्हणाल्या, मी सणासाठी नाही काढली, कुलपासाठी काढली. आई हे ऐकून आभार मानेल असं मला वाटलं होतं. आई म्हणाली, त्यांना सांग, ठिपके मोजून घालायचे असतात. पुढच्या मे महिन्यात मात्र घराची दुसरी किल्ली आईने स्वतः बाईंच्या मंगळवार पेठेतल्या घरी नेऊन दिली आणि दोन तास बसून आली.

असं सगळं ठीक चाललं होतं. मग मागची दिवाळी आली.

दिवाळीच्या आधी महिनाभर दोन नंबरच्या शेडमध्ये डबे भरायला मांजरीतल्या आणि आसपासच्या वस्त्यांतल्या बायका येतात. गेल्या वर्षी एकतीस होत्या. बाई त्याच सुमारास दहा दिवसांच्या विपश्यनेला गेल्या. तिथे फोन नाही, बोलणं नाही. आणि त्या गेल्याच्या पहिल्याच दिवसापासून चांदीच्या नाण्यांच्या डब्या मोजणीत कमी भरायला लागल्या. मालकांचं मत ठाम होतं, की त्या बायकांच्या जेवणाच्या डब्यांतून बाहेर जातात. त्यांनी मला बोलावून सांगितलं, सकाळी दहाला बायका आत गेल्या की शटर खाली ओढायचं आणि बाहेरून कुलूप घालायचं. दीडला जेवायला उघडायचं, दोनला परत घालायचं, सहाला सोडायचं. दिवाळीपर्यंतच. मी विचारलं, मागचं छोटं दार? ते म्हणाले, त्याला आतून कडी आहे, पण त्याच्यापुढे कुकरची खोकी रचली आहेत, तिथून कोण जातंय. मी बरं म्हणालो. हो, मी बरं म्हणालो, आणि नऊ दिवस कुलूप घातलं.

दहाव्या दिवशी, सकाळी साडेअकराला बाई कामावर हजर झाल्या. दोन नंबरच्या शेडपुढे त्या उभ्या राहिल्या आणि कुलपाकडे बघत राहिल्या. आतून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. मला हाक मारून त्यांनी विचारलं, आत माणसं आहेत का? मी म्हणालो, पॅकिंगच्या बायका, एकतीस. कुलूप कुणी लावलं? मी म्हणालो, मी, पण मालकांनी सांगितलं म्हणून. त्या मला रागावतील असं वाटलं होतं. त्या फक्त माझ्या कमरेच्या किल्ल्यांकडे बघत होत्या, आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्या किल्ल्या जड वाटल्या.

मालकांच्या काचेच्या केबिनमध्ये बाईंनी मला साक्षीदार म्हणून नेलं. मालक म्हणाले, बाई, चोरी थांबवणं तुमचं काम, मी तेच करतोय. बाई म्हणाल्या, चोरी आहे, मी शोधते, आठ दिवस द्या. मालक म्हणाले, आठ दिवसांत माल निघून जाईल. दिवाळीपर्यंत कुलूप राहणार. बाईंचा आवाज चढला नाही.

"सव्वीस वर्षं मी बायका कुलपात ठेवल्या," त्या म्हणाल्या. "प्रत्येकीच्या नावाचा कोर्टाचा कागद होता, त्यावर न्यायाधीशाची सही होती. तुमच्याकडे कुणाची सही आहे?"

मालक चिडून म्हणाले, मागे दार आहे, आग लागली तर निघतील की. बाईंनी ते वाक्य धरूनच ठेवलं. म्हणाल्या, दिवाळीची तपासणी राहिली आहे, ती आज करू. यंदा आत शिरायचं नाही, बाहेर पडायचं. मालक आणि त्या दोघंच आत जातील, बाहेरून नेहमीसारखं कुलूप लागेल, वीस मिनिटांत मालक मागच्या दाराने बाहेर आले तर बाई राजीनामा देतील. नाही आले तर कुलूप कायमचं काढायचं. मालकांना आपल्या गोदामाचा इंच न् इंच माहीत, ते हसले आणि चष्मा पुसून उठले.

दीड वाजता बायका जेवायला बाहेर आल्या. बाई आणि मालक आत गेले. जाता जाता बाईंनी मला बजावलं, की त्यांनी आतून शटर तीनदा वाजवलं तर घड्याळ न बघता लगेच उघडायचं. बाकी कुणी काहीही म्हटलं तरी वीस मिनिटं व्हायच्या आधी नाही. मी शटर ओढलं, कुलूप घातलं. आतून बाईंनी मेन स्विच पाडल्याचा आवाज आला, आगीत वीज आधी जाते म्हणून. ऑक्टोबरचं ऊन होतं, पत्रा तापलेला होता, आणि आत आता दिवा नव्हता, पंखा नव्हता.

पहिली पाच मिनिटं मालकांचा आवाज उत्साहाचा होता. मग खोकी सरकवल्याचा आवाज यायला लागला. मग एक काहीतरी कोसळलं आणि मालक माझ्या नावाने ओरडले, "अरे, पुरे झालं, उघड." बाईंचा आवाज आला, की अजून अकरा मिनिटं आहेत. मालकांनी शटरवर थाप मारली, एकदाच. ज्यांच्या हातून मी चौदा वर्षं पगार घेतला ते आतून माझं नाव घेत होते आणि किल्ली माझ्या मुठीत होती. मी ती मूठ पाठीमागे नेली.

बायका डबे हातात धरून माझ्याभोवती उभ्या होत्या. त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्क मावशी जवळ आल्या. त्यांनी भांडणाच्या सुरात विचारलं नाही, वेळ विचारावी तसं विचारलं.

"आमी आत असताना तुमी कुटं असता, भाऊ?"

मला 'इथेच असतो' म्हणता आलं असतं. त्यांना खरं खोटं कळलं नसतं. पण शटरच्या आत मालक धापा टाकत होते आणि माझ्याच्याने ते वाक्य निघेना. मी त्यांना सांगून टाकलं, की चौथ्या दिवशी मालकांनी मला हडपसरला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पाठवलं होतं. किल्ली कमरेला तशीच होती. परत येताना रस्त्यात ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि पावणेदोन तास तुम्ही एकतीस जणी आत होतात आणि उघडणारं कुणी इथे नव्हतं. दुसरी किल्ली नाहीच. ते माझ्या लक्षात आलं होतं रस्त्यातच, पण परत आल्यावर मी कुणाला सांगितलं नाही आणि दुसऱ्या दिवशी परत कुलूप घातलं.

मागच्या एका तरुण मुलीने विचारलं, कुठल्या दिवशी? मी वार सांगितला. ती म्हणाली, त्या दिवशी मला चक्कर आली होती.

वीस मिनिटं झाली. मी कुलूप काढलं. मालक बाहेर आले ते घामाने आणि धुळीने माखलेले. मागच्या दारापर्यंतची निम्मी खोकीही त्यांना हलवता आली नव्हती. बाई स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचाही पदर भिजला होता, साठी जवळ आलेली बाई ती. मालक नळावर गेले, तोंड धुतलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जेवणं झाली की लाव कुलूप." आणि केबिनमध्ये निघून गेले. पैज मोडली एवढी सरळ.

पुढचं इथेच सांगून टाकतो. दिवाळीनंतर मालकांनी बाईंचा करार वाढवला नाही. त्या आता मंडईजवळच्या दुकानदारांना सुट्टीत दुकान कसं बंद करावं ते शिकवतात आणि दुकानदार त्यांना घाबरून असतात. नाण्यांच्या डब्यांचं काय झालं ते शेवटपर्यंत कळलं नाही. मला मालकांनी ठेवलं, कारण कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

पण त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. मी बाईंकडे गेलो आणि विचारलं, आता काय करू? मला वाटलं, त्या हुकूम देतील आणि मी सुटेन. बाई पदराने मान पुसत होत्या.

"मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सांगणारे आधीच पुष्कळ आहेत."

मला त्यांचा राग आला. खराखुरा राग, कारण घरी आई होती, मुलीची शाळेची फी होती, आणि काचेमागे मालक उभे राहून इकडेच बघत होते. दोनला पाच कमी असताना बायका हात धुऊन शटरपाशी आल्या आणि थांबल्या. आत कुणी जाईना. त्या कुलपाकडे बघत होत्या, जसं बाईंनी सकाळी बघितलं होतं. नऊ दिवस त्या निमूट आत गेल्या होत्या आणि मी त्यांच्या मागे शटर ओढलं होतं; त्यांच्यातल्या एकीचाही चेहरा मी त्या वेळी नीट बघितलेला नव्हता.

मी कुलूप मावशींच्या हातात ठेवलं. मग कडीतून त्याची किल्ली काढली. ती घट्ट बसली होती, नख तुटलं, पण निघाली. तीही दिली. म्हणालो, हे तुमच्या टेबलाखाली ठेवा.

"आन् मालकांनी इचारलं तर?"

"मी दिलं म्हणून सांगा. माझं नाव सांगा."

त्यांनी कुलूप पिशवीत टाकलं आणि आत गेल्या. मागोमाग बाकीच्या गेल्या. शटर वरच राहिलं. मी केबिनकडे बघितलं नाही. सरळ शेडमध्ये मागच्या दारापाशी गेलो आणि कुकरचं पहिलं खोकं उचललं. दुसऱ्या बाजूने बाईंनी हात लावला. तासाभरात आम्ही दोघांनी दारापर्यंत वाट केली. गंजलेली कडी हातोडीने ठोकून सरकवली आणि दार उघडलं. समोर उसाचा फड होता.

डबे भरणारे हात थांबले. एकतीस जणी त्या दाराकडे बघत होत्या. मग मावशी उठल्या, साडी सावरत त्या दाराने बाहेर गेल्या, उन्हात दहा पावलं चालल्या, आणि परत येऊन आपल्या जागेवर बसून कामाला लागल्या.